शेवंतीची रवाल

आमच्या कोळीवाड्यात घोडी आली ती होडीच्या बदल्यात. हसू नका. तेव्हा सगळ्यांनी पोटभर हसून घेतलं आहे, आता तुमची भर नको.

मिठाचा सत्याग्रह झाला, त्याच्या पुढच्या सालातली ही गोष्ट. नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात, पण या वयात मी नाव घेतलं तर कुणाच्या बापाचं काय जातंय? धर्माजी. नागावच्या खालच्या अंगाला आमचा कोळीवाडा, आणि शिडाच्या दोराला धर्माजीसारखा हात त्यात दुसऱ्या कुणाचा नव्हता. त्याच दोरानं त्याचा डावा हात खाल्ला. भर समुद्रात दोर सुटला, हात कप्पीत ओढला गेला, आणि घरी आला तेव्हा अंगठा आणि करंगळी तेवढी धड होती. मधली बोटं जखम भरल्यावर वळून बसली ती बसलीच. कोळ्याचं काम दोन हातांचं. भावांनी त्याला होडीवरून हाकललं नाही, पण 'दादा, तू आराम कर' असं रोज म्हणायला लागले. हाकललं असतं तर बरं झालं असतं, निदान भांडता तरी आलं असतं.

घरी बसलेला कोळी कसा असतो ते कोळणीला विचारावं. पहिल्यांदा तो माझ्याशी भांडायचा. भाताला मीठ कमी, चुलीला धूर जास्त. ते मला चालत होतं, मी काय ऐकून घेणारी होते का? एकाला दोन ऐकवायची. पण पुढं पुढं तो भांडेनासा झाला. जेवायचा, भिंतीला टेकायचा, हाताकडं बघत बसायचा. तेव्हा मात्र मी घाबरले.

त्यातच त्याचा चुलतभाऊ बाळाजी आला. बाळाजी पडावावर, म्हणजे मालाच्या मोठ्या शिडाच्या होडीवर, तांडेल होता, धरमतरहून भाताची पोती भरून मुंबईला न्यायचा. म्हणाला, "धर्माजी, मुंबईला एका वखारीवर राखणदार पायजे. हाताचं कायबी काम न्हाय. नुसतं बसायचं." धर्माजी 'बघू' म्हणाला. मी मात्र रात्रभर तळमळत होते. नुसतं बसायचं! इथं घरात बसून माणूस निम्मा झाला होता, तिथं वखारीच्या दारात बसून उरलेलाही संपला असता. गेलेली माणसं मी पाहिली होती. पहिली दोन वर्षं शिमग्याला येतात, मग निरोप येतो, मग तोही येत नाही. मला माझा नवरा पाहिजे होता, आणि तो घरात पाहिजे होता, आणि धडपणी पाहिजे होता. एवढंच माझं मागणं होतं.

नागावात शालोमबापू राहायचे. शनवारतेल्यांपैकी, म्हणजे आमच्या कोकणातल्या इस्रायली लोकांपैकी, भला माणूस. गावोगाव फिरून पोरांना देवी टोचायची त्यांची सरकारी नोकरी. सगळा तालुका त्यांनी एका तांबूस घोडीवर पालथा घातला होता. नोकरी संपली आणि बापूंना एकच हौस राहिली, खाडीत होडकं घालून गरी टाकून बसायचं. माझी मासळी घेताना ते नेहमी म्हणायचे, "राही, जन्मभर घोड्यावर बसून कंबर झिजली. आता मला पाण्यावर बसू दे."

आमचं एक छोटं होडकं धर्माजीच्या अपघातापासून वाळूत पालथं पडलं होतं. एक दिवस मी सरळ विचारलं, "बापू, आमचं होडकं घ्या आन तुमची घोडी द्या." बापूंनी माझ्याकडं बघितलं. मग हसले. मग घोडीकडं बघितलं आणि डोळे पुसले. सौदा झाला.

माझ्या डोक्यात काय होतं ते सांगते. पोयनाडच्या बाजाराला सगळ्या आतल्या गावांची माणसं येतात. भातवाली माणसं, त्यांना दर्याची ताजी मासळी म्हणजे जीव की प्राण. पण आम्ही कोळणी डोक्यावर पाटी घेऊन कार्ल्याची खिंड ओलांडून जाईपर्यंत दुपार व्हायची आणि मासळी नरम पडायची. म्हणून आम्ही आदल्या दिवशीच सुकी मासळी घेऊन निघायचो आणि ताजी इथंच मिळेल त्या भावाला फुंकायचो. मोटार होती, पण मोटारवाला मासळीची पाटी चढवून घेत नसे. त्याला वास यायचा म्हणे! स्वतः मात्र घरी जाऊन तीच मासळी हाणायचा. घोडीवरून धर्माजीनं पहाटेची पापलेटं निघाल्याबरोबर पोयनाडला आणायची, मी आदल्या दिवशीच जाऊन बसायचं आणि ती विकायची. त्याला काम मिळेल, बाजाराला ताजी मासळी मिळेल. झालं तर मग.

घोडी देताना बापू म्हणाले होते, "धर्माजी, हिला पळवायचं नाही. शेवंतीला रवाल येते. एका अंगाचे दोन्ही पाय उचलते, मग दुसऱ्या अंगाचे. वर बसलेल्याला हिसका नाही, तिला थकवा नाही. अलिबागेहून रोह्यापर्यंत गेलोय मी एका चालीत. तिची तिला चालू दे, तू फक्त बस."

धर्माजीनं 'व्हय व्हय' केलं. कोळी सगळ्यांचं ऐकतो आणि दर्याचं तेवढं मानतो.

घोडी कोळीवाड्यात आली तेव्हा जत्रा जमली. तिच्यापुढं नारळ फोडला, नव्या होडीपुढं फोडतात तसा. शेवंतीनं त्यातलं खोबरं खाऊन टाकलं, तेव्हा तर पोरं लोळली. मग निघाला प्रश्न पाट्या कशा बांधायच्या. अहो, काय ते एकेकाचं शहाणपण! सगळे दर्यावर्दी गोळा झाले. होडी भरताना वजन मागं टाकतात, म्हणजे नाळ, होडीचं तोंड, वर उचललं जातं आणि लाट आत येत नाही. पुढं वजन पडलं की होडी तोंड खुपसते आणि बुडते. हे आमच्यात रांगत्या पोरालाही ठाऊक. तेव्हा घोडीच्या पाट्याही मागंच, पार शेपटीजवळ पुठ्ठ्यावर बांधायच्या, यावर कुणाचं दुमत झालं नाही. धर्माजीनं एका हातानं आणि दातानं अशा काही गाठी मारल्या की बघत राहावं. किती महिन्यांनी त्याच्या तोंडावर जीव दिसला मला. पाट्या चढल्या आणि शेवंतीनं मान ताडकन वर केली.

"बघा, नाळ कशी उचलली!" धर्माजी म्हणाला. सगळे खूश झाले. मीसुद्धा.

पहिल्या बाजाराला त्यानं तिला चौखूर सोडली. त्याचं म्हणणं, वारा हाय तवर शीड भरून घ्यायचं, पुढं वारा पडला तर? घोडीचा वारा खिंडीच्या पायथ्याला पडला. तोंडाला फेस, पोट भात्यासारखं चालू, पाऊल उचलेना. धर्माजी तिच्याशेजारी धोंड्यावर बसून राहिला, आणि दुपारी पोयनाडला पोचला तेव्हा मासळीवर माश्या होत्या. दुसऱ्या बाजाराला दुडकी चालवली. दुडकीत घोडी खालवर आपटते, तशा पाट्याही आपटल्या. पापलेटं कुस्करून त्यांचं पिठलं झालं, आणि धर्माजी रिकिबीतून उतरला तो वाकूनच. तिसऱ्या वेळी पायापायानं आणली. मासळी शाबूत, पण इतका उशीर झाला की माझ्या शेजारची मनुबाई सुकी मासळी संपवून घरी निघाली होती. ती म्हणाली, "राही, घोडीपेक्षा तुझी पाटीच बरी गं." मी तिला काय म्हटलं ते इथं सांगण्यासारखं नाही.

आणि रवाल? ती रवाल काही आमच्या वाट्याला येईना. मान वर, पाठ आत, पावलं खटखट, असं चालायची ती. धर्माजीला वाटलं, बापूंनी फसवलं. तावातावानं तो घोडीला घेऊन नागावला गेला, मागोमाग मी. नको ते बोलून बसला असता, म्हणून. बापूंनी घोडीच्या मानेवरून हात फिरवला, खोगीर नाही की काही नाही, तसेच उडी मारून बसले आणि वाडीतल्या वाटेनं नारळीखालून गेले. काय सांगू! पाणी वाहावं तशी ती गेली. बापूंच्या डोक्यावरची टोपी हलली नाही. कोपऱ्यावरून वळून परत आली तेव्हा तिच्या अंगाला घामाचा थेंब नव्हता.

"आहे की रवाल," बापू म्हणाले. "तिला तुमच्याकडं काय होतंय, मला सांगता येत नाही. मी मासळी कधी वाहिली नाही."

घराच्या दाराशी आल्यावर धर्माजी म्हणाला, "चाल घोडीत हाय. खोट माझ्यात हाय, राही. माझा हात लागला की चांगली गोष्ट मोडते." आणि भिंतीला टेकून बसला.

ते ऐकून मला रडू आलं आणि रागही आला, दोन्ही एकदम. मी म्हटलं, "हात मोडला तो मोडला, आता डोस्कं बी मोडून घे!" पण माझ्या बोलण्यात जोर नव्हता. घोडीच्या पुठ्ठ्यावर साल गेलं होतं. मी हळद आणि तेल लावायला बसले तर ती शहारायची. मुकं जनावर, तिचा काय गुन्हा होता? तिच्या मानेला डोकं लावून मी म्हटलं, बाई गं, तू काहीतरी कर, नाहीतर हा माणूस जातो.

दोन दिवसांनी बाळाजीचा निरोप आला. बाजाराच्या दिवशी दुपारच्या ओहोटीला पडाव धरमतरहून सुटणार, यायचं असेल तर ये, तुझ्यासाठी थांबतो. धर्माजीनं एक गाठोडं बांधलं. मला म्हणाला, "पोयनाडपर्यंत बरोबरच जाऊ. घोडी काळूरामला देऊन टाक, तो मागं लागलाय." काळूरामची पोयनाडला विटांची भट्टी होती. त्याची जनावरं मी पाहिली होती. बरगड्या मोजता यायच्या.

मी ओरडले, हातातली भाकरी फेकली, शेजारी गोळा केले. काही उपयोग झाला नाही. गप्प माणसाशी भांडणं म्हणजे भिंतीशी भांडणं. शेवटी मी म्हटलं, बरं, जातोस तर जा, पण ही एक खेप तरी होऊ दे, काळूरामला घोडी काम करताना दिसली तर भाव येईल. खरं कारण भावाचं नव्हतं. मला त्याच्याबरोबर तेवढी वाट चालायची होती.

पहाटे मासळी निघाली. पाट्या भरल्या, वर केळीची पानं, त्यावर ओलं गोणपाट. त्या दिवशी धर्माजीनं गाठीला हात लावला नाही. मीच बांधल्या. मला काय येतात त्याच्यासारख्या गाठी? जमेल तसं आवळलं. घोडीच्या पाठीचं साल बघून दोघांनीही तिच्यावर बसायचं नाही असं न बोलताच ठरलं, आणि आम्ही चालत निघालो. पुढं तो, खांद्यावर गाठोडं. मागं मी, हातात घोडीचा लगाम. अलिबाग बाजूला टाकून खिंडीच्या रस्त्याला लागलो तरी तो एक शब्द बोलला नव्हता. मीही बोलले नाही. बोलायला लागले असते तर रडले असते, आणि रडणं मी त्याला दाखवणार नव्हते.

खिंड चढलो. पलीकडचा उतार लागला आणि माझ्या गाठीनं दगा दिला. उताराला घोडीचं अंग पुढं झुकलं, दोर सरकला, आणि दोन्ही पाट्या घसरत घसरत पुठ्ठ्यावरून पाठीवर, पाठीवरून पार पुढं, आयाळ जिथं संपते तिथं खांद्याजवळ येऊन अडकल्या. मला वाटलं, आता पडतात खाली, झाली मासळी मातीमोल. पण पडल्या नाहीत. शेवंतीनं वर धरलेली मान हळूच खाली सोडली. एक मोठा श्वास टाकला, नाकातून फुर्र केलं. आणि चालायला लागली.

चालायला म्हणजे कशी! माझ्या हातातला लगाम ताणला गेला, मी तिच्याबरोबर पळायलाच लागले. टापांचा तो खटखट आवाज नाही. एका अंगाचे पाय, दुसऱ्या अंगाचे पाय, टपटप टपटप, एकसारखे. पाट्या जागच्या जागी. गोणपाटावरचं पाणीसुद्धा सांडत नव्हतं.

"अगं, थांबव!" मागून धर्माजी ओरडला. "वजन पुढं गेलं! तोंडावर पडंल ती! मागं घे पाट्या, मागं घे!" गाठोडं टाकून धावत आला आणि पाटीला हात घातला.

मी त्याच्या हातावर चापट मारली. चांगली सणसणीत. "हात लावू नकोस!"

"नाळ खाली गेलीये, दिसत न्हाय तुला?"

"घोडीला कुठं नाळ असते रे, मेल्या!" मी म्हटलं. "ती काय दर्यात चाललीय? तिला पाय हायेत, पाय! आपण तिच्या कंबरंवर बसवलं सगळं. तुझ्या कंबरंवर भाताचं पोतं बांधून तुला पोयनाडला धाडला तर तू कसा चालशील?"

तो उभाच राहिला. घोडीकडं बघत होता. पुढून बघितलं, मागून बघितलं. खाली वाकून तिच्या पायांकडं बघितलं. मग सावकाश त्यानं पाटीची दोरी धरली, आणि मला वाटलं परत मागं ओढतोय, पण नाही. जिथं पाट्या अडकल्या होत्या तिथंच, खांद्याजवळ, त्यानं त्या पक्क्या बांधल्या. दातानं, अंगठ्यानं, करंगळीनं. जुन्या गाठी.

"बस वर," मी म्हटलं.

"तिच्या पाठीला..."

"साल मागं गेलंय. तू पुढं बस, पाट्यांना चिकटून. बापू बसले तसा. आन काय करू नकोस, नुसता बस."

माझ्याच तोंडून 'नुसता बस' निघालं तेव्हा मी जीभ चावली. पण तो बसला. लगाम त्या वाकड्या हातात अडकवला. चौखूर पळवताना, दुडकीत, त्याला घोडी आवरायला दोन्ही हात लागायचे आणि दुसरा हात नव्हता म्हणून तो चिडायचा. रवालीत आवरायचं काय? शेवंती निघाली. वळणावर त्यानं मागं वळून माझ्याकडं बघितलं. तोंड उघडं, लहान पोरासारखं. मग झाडीआड गेला.

मी त्याचं गाठोडं उचललं, खांद्यावर टाकलं आणि हसत हसत चालू लागले. एकटीच हसत होते. वाटेत एका गाडीवानानं विचारलं, "काय गं कोळणी, काय सापडलं?" मी म्हटलं, "रवाल सापडली!" त्याला काय कळणार, कप्पाळ?

पोयनाडला पोचेपर्यंत ऊन चढलं होतं. मनुबाई नेहमीच्या जागी बसली होती आणि तिच्यापुढं आमची पाटी. पापलेटं बघितली. कडक, डोळे लख्ख, जणू आत्ताच जाळ्यातून काढलीत. बायकांची झुंबड उडाली होती.

"धर्माजी कुठाय?" मी विचारलं.

मनुबाई म्हणाली, "येक पाटी हितं टाकली आन गेला."

"कुठं गेला?"

"धरमतरला. घोडीवर. थांब म्हटलं, राहीला येऊ दे, तर थांबला न्हाय. ओहोटी लागंल म्हनला."

मी तिथंच मातीत बसले. ओहोटी लागंल म्हनला! म्हणजे पडावावर गेला. अहो, पायी असता तर कदाचित पडाव चुकला असता. मीच त्याला घोडीवर बसवला. मीच त्याला ती चाल दिली, आणि त्याच चालीनं तो वेळेवर जाऊन पोचणार होता. माझ्यासारखी अक्कल देवानं दुसऱ्या कुणाला दिली नसेल. गाठोडं माझ्याकडं राहिलं होतं, पण बाळाजीकडं काय धोतराला तोटा?

तेवढ्यात काळूराम आला, हातात दोरी घेऊनच. "कुठाय घोडी?"

"मसणात गेली!" मी म्हटलं. तो बाजूला होऊन उभा राहिला, पण गेला नाही.

मग मी पापलेटं विकली. विकणार नाही तर काय करणार? डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंडानं भाव सांगत होते. एका बाईनं घासाघीस केली तर तिच्यावर अशी वसकले की तिनं मागेल तो भाव देऊन मासळी उचलली. सूर्य डोक्यावर आला. मला बाजारात बसल्या बसल्या कळतं पाणी कधी फिरतं ते, कोळ्याच्या पोटी जन्मलेली मी. ओहोटी लागली. पडाव सुटला. मी हातातला मासा खाली ठेवला, आणि मला पुढं काहीच दिसेना. घर दिसलं तर त्यातली ती भिंत दिसायची, आणि भिंतीशी कुणी नाही.

"राही," मनुबाई म्हणाली, "तो बघ."

रस्त्यानं धर्माजी येत होता. चालत. शेवंतीचा लगाम त्या वाकड्या हातात, आणि ती मान खाली सोडून त्याच्या मागोमाग. रिकामी पाटी तिच्या खांद्याजवळ बांधलेली. त्याचा सदरा घामानं चिंब, घोडी मात्र कोरडी.

मी उठले आणि भर बाजारात त्याच्यावर तुटून पडले. "कुठं मेला होतास? सांगून जायला तोंड नव्हतं? मला वाटलं गेलास! मला वाटलं..."

तो बावचळून उभा राहिला. "अगं, दोन पाट्या हितं खपल्या नसत्या. धरमतरला पडाववाले, गाडीवाले, धा मिनटांत उचलली मासळी त्यांनी. पुढल्या खेपंला कोलंबी आन म्हनतात." मग जरा थांबून म्हणाला, "आन बाळाजीला सांगायला नको? तो माझ्यापायी ओहोटी चुकवून बसला असता. येका मानसासाठी येवढा पडाव खोळंबून ठेवायचा का?"

काळूराम पुढं आला. शेवंतीभोवती एक फेरी मारली, तिच्या कोरड्या अंगावरून हात फिरवला. "दोन पाट्या, खिंड, धरमतर आन परत, आन घाम न्हाय? धर्माजी, भाव वाढवून देतो. बोल."

"घोडी द्यायची न्हाय," धर्माजी म्हणाला. "हिच्यावर माझा धंदा हाय."

"आरं, पन तू तर मुंबईला चाललास ना?"

"बाळाजी गेला की," धर्माजी म्हणाला, आणि घोडीला पाणी दाखवायला विहिरीकडं घेऊन गेला.

पोयनाडचा अख्खा बाजार मला तोंडाळ म्हणून ओळखतो. त्या दिवशी माझ्या तोंडून एक शब्द फुटला नाही. मी पदर तोंडाला लावून ढसाढसा रडत बसले, आणि तेवढ्या वेळात मनुबाईनं माझी उरलेली पापलेटं पाण्याच्या भावानं विकून टाकली.